सहादेवाची पहिली नजर

सहादेवाशी पहिल्यांदा बोलणारा माणूस हमखास मागं वळून बघायचा. आपल्या पाठीमागं कुणीतरी उभं आहे आणि हा त्याच्याशी बोलतोय, असंच त्याला वाटे. मागं कुणी नसे. खजील होऊन तो पुन्हा पुढं बघे, तर सहादेवाचा उजवा डोळा त्याच्याकडं आणि डावा डोळा नाक ओलांडून भलतीकडंच गेलेला. "एक डोळा शेवगावाला, दुसरा पैठणाला," असं आमच्या बोरटेकात म्हणत. सहादेवाला त्याचं काहीच वाटत नसे. "तेवढंच मोटारीचं भाडं वाचतंय," म्हणायचा.

मी, याकोब मास्तर, मिशनच्या शाळेवर या गावात आलो तेव्हा मीही मागं वळून पाहिलं होतं. मला अशी फजिती खपत नाही. मी त्याला तिथल्या तिथं झापलं, की माणसाशी बोलताना माणसाकडं बघावं. तो म्हणाला, "बघतोच हाय की मास्तर. तुमीच तिकडं बघताय." त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्याच्या लग्नातली गोष्ट त्याची बायको बनुबाई अजून सांगते. अंतरपाट दूर झाला, सहादेवानं नवरीकडं डोळे भरून पाहिलं, आणि शेजारी उभी असलेली करवली लाजून पळाली. माळ मात्र बरोबर बनुबाईच्याच गळ्यात पडली. पुढं वर्षभर करवलीच्या घरचे सहादेवाशी बोलत नव्हते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगताना अजून माझं डोकं तापतं.

रंगनाथ पाटलानं एक म्हैस आणली. त्याच्या आधीच्या दोन म्हशी आटल्या होत्या आणि दोन्ही वेळा खापर गावाच्या नजरेवर फुटलं होतं. पाटील म्हशींना चाऱ्याऐवजी बढाया खाऊ घालतो, हे कुणी बोललं नाही. तर ही तिसरी म्हैस भर दुपारी वेशीतून आत आली तेव्हा सगळं गाव झोपलेलं होतं. जागा होता फक्त सहादेव. त्यानं म्हशीला शिंगापासून शेपटापर्यंत न्याहाळलं, "लई झ्याक हाय," म्हणाला आणि घरी गेला. त्या म्हशीनं दुधाचा असा पूर लावला की पाटलीणबाईंना चरव्या कमी पडल्या. आणि त्याच आठवड्यात वेशीच्या उजव्या हाताला असलेला गोरक्षाचा भोपळ्याचा वेल वाळून गेला.

आक्काबाई ही गावातली सगळ्यात जुनी सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, म्हणून अख्ख्या गावाला ती पोरंच समजायची. तिनं मारुतीच्या पारावर बसून निवाडा दिला.

"नजर लागाया ती सरळ जावी लागती. सहादूची नजर म्हशीवर पडलीच न्हाई. ती गेली गोरक्षाच्या येलावर. आन् पहिली नजर अशी वाया गेली की मागनं येनाऱ्या नजरंत दम ऱ्हात न्हाई."

वेलाची मुळं शेळीनं उकरली होती. मी माझ्या डोळ्यांनी शेळी पाहिली होती. मी तसं चारचौघांत सांगितलं. आक्काबाई म्हणाली, "मास्तर, तुमी उजळणी शिकवा."

झालं, त्या दिवसापासून बोरटेकात नवीन काहीही आलं की पहिली नजर सहादेवाची. बाळंतिणीच्या खोलीतून पोर बाहेर आलं, बोलवा सहादेवाला. नवा बैल, नवी गाडी, नवीन नथ, इतकंच काय, गुऱ्हाळाचा पहिला गूळ, सगळ्यावर आधी त्यानं नजर टाकायची आणि मग बाकीच्यांनी. तोवर गावानं माना खाली घालून उभं राहायचं. नजर टाकून झाली की सहादेवाला पुरणपोळीचं जेवण. एका लग्नसराईत तर त्याला सदऱ्याची बटणं लावता येईनात.

गोरक्ष मात्र पेटला होता. सहादेवाची वाया गेलेली नजर जायची कुठं? त्याच्या उजव्या हाताला. म्हणजे उजवीकडं ज्याचं काही असेल त्याचं वाटोळं! गावात यावरून मारामारीची वेळ आली. शेवटी पंचांनी तोड काढली. सहादेव नजर टाकायला उभा राहिला, की त्याच्या उजव्या हाताला कुंभाराचं गाढव उभं करायचं. गाढवाला नजर लागून लागणार काय? शिवाय त्याच्या तसदीबद्दल त्याला पसाभर हरभरे द्यायचे. वर्षभरात ते गाढव इतकं टुणटुणीत झालं की कुंभार त्याच्यावर ओझं लादायला घाबरू लागला.

मी दर रविवारी प्रार्थनेनंतर या खुळाविरुद्ध तासभर बोलायचो. लोक मन लावून ऐकत. सोमवारी कुणाच्या तरी दारात गाढव उभं असे.

आता एवढ्यावर भागलं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण सहादेवाची पोरगी हौसा चार वर्षांची झाली, तिला गोवर निघाला, आणि त्या तापातून उठली तेव्हा तिचा डावा डोळा नाकाकडं सरकायला लागला. आधी नुसता संध्याकाळी, दमल्यावर. मग दिवसभर.

गावाला आनंद झाला. खोटं सांगत नाही. आक्काबाईनं गूळ वाटला. "गावाची पुढची सोय झाली बाई," म्हणाली. पाटलानं नारळ आणि खण पाठवला. कुंभार तर गाढवाला शिंगरू झालंय, ते हौसासाठी राखून ठेवतो म्हणून सांगून गेला.

बनुबाईनं खण दारातूनच परत भिरकावला. "माझ्या पोरीला गाढवासंगं हुबी करनार व्हय रे मुडद्यांनो? तुमची पोरं करा चकनी!" असं म्हणून तिनं जो तोंडाचा पट्टा सोडला तो दिवेलागणीपर्यंत चालू होता. मला फार बरं वाटलं.

सहादेव मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत आला आणि माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "मास्तर, एक सांगू का? माजा डावा डोळा नुसता शोभंचा हाय. उजवा झाकला की तुमी दिसत न्हाई, धूर दिसतो. कुनाला बोललो न्हाई कधी. हौसाचाबी डोळा तसाच जानार का वो?"

मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो आणि मला हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं की मी चिडतो. "मग इथं काय बसलायस?" मी ओरडलो. "नगरला घेऊन चल पोरीला!"

पण नगरला जायच्या आधी गावाची सगळी औषधं होऊ देणं भाग होतं, कारण बनुबाईच्या माहेरची माणसं आली होती. डोळा का वळला यावर त्यांच्यात एकमत नव्हतं. एक मावशी म्हणाली, पोटुशी असताना बनूनं ग्रहणात भाजी चिरली. दुसरी म्हणाली, पाळण्यावरची चिमणी एका बाजूला टांगली होती. मामाचं म्हणणं, पोर बापाची नक्कल करते, दोन थोबाडीत द्या. शेवटी असं ठरलं की डोळा आत जातोय तर त्याला बाहेर बोलवावा. म्हणून हौसाच्या डाव्या कानाला शेळीची घंटा बांधली. आवाज आला की डोळा तिकडं वळेल, अशी त्यांची अक्कल. डोळा वळला नाही. गावातल्या शेळ्या मात्र वळल्या. हौसा जाईल तिथं मागं पाचपंचवीस शेळ्या, आणि शेळ्यांच्या मागं त्यांचे मालक शिव्या देत. घंटा सोडली तेव्हा हौसाच तेवढी रडली.

मग मी तिघांना घेऊन निघालो. शेवगावापर्यंत बैलगाडी आणि पुढं सर्व्हिस मोटार. लढाईचे दिवस, पेट्रोल नाही, मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. नगरला पोचलो तेव्हा आम्ही चौघंही कोळशाच्या वखारीतून आल्यागत दिसत होतो.

दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टर रेबेकाबाई होत्या. बुटक्या, करड्या केसांच्या आणि माझ्याहून तापट. त्यांनी आधी आम्हाला तोंडं धुवायला लावली. मग हौसाच्या डोळ्यांत औषध घातलं, बाहुल्या मोठ्या झाल्यावर अंधाऱ्या खोलीत दिवा दाखवून बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, "हिला जवळचं बघताना फार जोर लावावा लागतो. तो जोर डोळ्याला आत ओढतो. हे घराण्यातून येतं, गोवराच्या अशक्तपणात उघडं पडलं. आता दोन डोळे दोन दिशांना गेले की दोन चित्रं दिसणार. ती कटकट नको म्हणून मेंदू एका डोळ्याचं ऐकणंच बंद करतो. मग तो डोळा आळशी होतो. लहानपणी उपाय केला तर शिकतो, मोठेपणी नाही. चष्मा देते. आणि उजव्या डोळ्यावर पट्टी, दिवसभर."

"उजव्या?" बनुबाई म्हणाली. "उजवा तर चांगला हाय."

"म्हणूनच."

"चांगला डोळा झाकायचा आन् वाकडा उघडा ठिवायचा?" बनुबाई माझ्या कानाशी लागली, पण तिचं कुजबुजणं वेशीपर्यंत ऐकू जातं. "मास्तर, ही बाई उलटी हाय."

रेबेकाबाई काही बोलणार तेवढ्यात सहादेव म्हणाला, "अगं, आपला ढवळ्या सगळं वडतो म्हनून पवळ्या अंग चोरतो. ढवळ्याला सोडून पवळ्याला एकट्याला जुपलं तर काय करंल? वडंलच की." बनुबाईला पटलं. रेबेकाबाईंनी सहादेवाकडं नीट पाहिलं आणि मग, सगळ्यांसारखंच, मागं वळून पाहिलं.

त्याला तपासून त्या म्हणाल्या, "तुमची नजर आता परत यायची नाही. उशीर झाला. पण ऑपरेशन करून डोळा दिसायला सरळ करता येईल. करता का?"

"सरळ म्हंजी, मी बघीन तिकडंच डोळा जाईल?"

"हो."

"मग नको."

मी तिथंच त्याच्यावर तोंड टाकलं. अरे गाढवा, पुरणपोळीसाठी जन्मभर चकणा राहणार काय? तो नुसता हसला, आणि ते हसू माझ्यासाठी होतं की भिंतीवरच्या कॅलेंडरासाठी ते कळलं नाही.

गावी आल्यावर पट्टीचा छळ सुरू झाला. हौसा ती दिवसातून पाच वेळा काढून फेकायची. एकदा कोंबडीला बांधली. पोरं तिला "एकडोळी" म्हणून चिडवत. आक्काबाई येऊन उसासे टाकायची, "चांगली सोय झाली हुती, मोडली गं ह्यांनी." बनुबाई मारायची, मग स्वतःच रडायची. रेबेकाबाईंनी बजावलं होतं, पट्टी टिकली नाही तर डोळा गेला म्हणून समजा.

एके सकाळी सहादेव स्वतःच्या उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून अंगणात येऊन बसला. "हौसे," म्हणाला, "आपुन दोगं पवळ्याला जुपू. आदी कोन काढंल तो हरला." हौसाला हरणं आवडत नसे. हे ती बापाकडून शिकली नव्हती, बनुबाईकडूनच.

तिच्या चष्म्यामागचा डावा डोळा हळूहळू कामाला लागला. पण सहादेवाला फक्त धूर. तो पाटलाच्या म्हशीला "रामराम पाटील" म्हणाला, आणि पाटलाला "हल्या, व्हय बाजूला." दोघांपैकी म्हशीनंच मनावर घेतलं नाही. विहिरीवर पोहऱ्याऐवजी त्यानं गोरक्षाचं पागोटं आत सोडलं. शेतातून घरी यायला त्याला हौसाचं बोट धरावं लागायचं. एकडोळे बापलेक बांधावरून चालताना पाहिले की मला हसूही यायचं आणि दुसरंही काहीतरी व्हायचं.

आणि मग गावाच्या ध्यानात एक भयंकर गोष्ट आली. ती पहिल्यांदा आक्काबाईनंच पाहिली. सहादेवाचा चांगला डोळा झाकलेला असल्यामुळं उघडा राहिलेला डावा डोळा आपोआप सरळ झाला होता! नाकाकडं जायचं सोडून तो समोर बघत होता. डोळ्याचं तसंच असतं, दुसऱ्याला सुट्टी मिळाली की हा जागेवर येतो. मी पारावर फळा नेऊन आकृती काढून समजावलं. पण तोवर गावात हाकाटी झाली होती, "पळा, सहादू सरळ बघाया लागलाय!"

इतक्या वर्षांच्या वाया गेलेल्या नजरा आत साठल्या असणार आणि आता त्या सरळ येणार, असा हिशेब होता. सहादेव रस्त्यात दिसला की बाया पोरांवर पदर टाकत. पाटलानं म्हशीवर घोंगडं घातलं आणि ऐन उन्हाळ्यात ती बिचारी उकडून निघाली. बारशाला बोलावणं बंद. गुऱ्हाळाला बोलावणं बंद. जेवणावळी गेल्या, पारावरची जागा गेली, ज्याच्यासमोर गाव माना खाली घालायचं त्याच्यासमोर गाव आता दारं लावून घेऊ लागलं. गाढवसुद्धा रोडावलं.

"सोड की पट्टी," पाटील निरोप पाठवायचा. "न्हाई, हौसा जिकंल," म्हणून सहादेव निरोप परत पाठवायचा. शिमग्यापासून दसऱ्यापर्यंत त्या माणसानं पट्टी सोडली नाही. मधल्या तपासण्यांना बनुबाईच पोरीला घेऊन जायची, आणि त्याही अंधाऱ्या खोलीत, एकेक डोळा झाकूनच व्हायच्या. पट्टी खोलीत, अंधारात बदलायची, वर सहादेवाची सक्त ताकीद, पोरीचे दोन्ही डोळे उजेडात कुणी एकदम बघायचे नाहीत. मला वाटलं, हाही डॉक्टरांचाच काहीतरी नियम असेल.

दसरा झाल्यावर रेबेकाबाईंचा सांगावा आला. आता पट्टी कायमची काढायची, डोळे जुळलेत का ते बघायचं. पुन्हा आम्ही चौघं निघालो. मोटार ढकलताना सहादेवानं एका झाडाला खांदा लावला होता. मोटार पुढं गेली तरी तो झाड ढकलतच होता.

दवाखान्यात हौसाला स्टुलावर बसवलं. चष्मा तिच्या नाकावर, त्याच्याखाली पट्टी. रेबेकाबाई पट्टीला हात लावणार तोच सहादेव पुढं आला.

"बाई, थांबा. तुमी समदी भिताडाकडं तोंड करा. पट्टी मी काढतो. पहिली नजर माजी."

"काय?" रेबेकाबाई म्हणाल्या.

त्यानं आधी स्वतःच्या डोळ्यावरची पट्टी सोडली. डावा डोळा इमानानं नाकाकडं गेला.

"ह्याच्यासाटीच ठिवलाय ह्यो," तो म्हणाला. "बाई, तुमी सरळ करते म्हनला तवा मी न्हाई म्हनलो. मास्तर मला गाढव म्हनले. पर पोरीचे डोळे सुदरले, नवे झाले, तर त्यावर पहिली नजर कुनाची पडनार? माजा डोळा सरळ असता तर बापाचीच लागली असती. गावातल्या समद्या पोरांवर टाकली, पाटलाच्या म्हशीवर टाकली. माज्या पोरीवर नको का टाकू?"

बनुबाईनं पदर तोंडावर ओढला आणि मुकाट भिंतीकडं वळली. आईची नजर तर सगळ्यात आधी लागते म्हणतात. रेबेकाबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं: तुम्ही शिकलेले आहात, समजावा यांना.

दर रविवारी तासभर बोलणारा मी. माझ्याजवळ शेळीचा पुरावा होता, फळ्यावरची आकृती होती. मी तोंड उघडलं. आणि मग त्या माणसाचे ते दोन डोळे पाहिले, एक पोरीवर लागलेला आणि एक बिनकामाचा, इतके महिने जपून आणलेला. मी भिंतीकडं तोंड केलं.

रेबेकाबाईंनी मोठा सुस्कारा टाकला, आणि त्यांच्या चपला करकरत वळल्याचं मी ऐकलं.

"मास्तर," मागून सहादेवाचा आवाज आला. "तुमी जरा..."

"आता काय?"

"काय न्हाई. तुमी माज्या उजव्या अंगाला हुबे हाय."

म्हणजे मी गाढवाच्या जागेवर उभा होतो. वाया जाणारी नजर सगळी माझ्यावर येणार होती. सरकायला जागा होती. डावीकडं औषधाचं कपाट होतं, त्याच्या पलीकडं दार होतं. मी सरकलो नाही. "बघ तू गुमान," मी म्हणालो.

पट्टी निघाल्याचा बारीक आवाज आला. आणि मग हौसा खदखदून हसायला लागली.

"आबा! आबा, तुमचे डोळे वाकडे हायती!"

"व्हय गं माजे बाय," सहादेव म्हणाला. "लई वाकडे हायती. दिसले का तुला?"

तो रडत होता. आम्ही सगळे वळलो. चष्म्यामागून हौसाचे दोन्ही डोळे सरळ बापाकडं बघत होते, दोन्ही एकाच ठिकाणी. रेबेकाबाईंनी एक एक डोळा झाकून भिंतीवरची चित्रं विचारली. डाव्या डोळ्यानं तिनं मांजर ओळखलं, छत्री ओळखली. बदकाला कोंबडी म्हणाली, पण आमच्याकडं बदकं कुणी पाहिलीत? चष्मा मात्र कधी काढायचा नाही, नाहीतर डोळा पुन्हा आत जाईल, असं बजावून त्यांनी आम्हाला सोडलं. जाताना सहादेवाला म्हणाल्या, "आता तरी करू या का तुमचा सरळ?" तो म्हणाला, "नको बाई, गावाला लागतो." त्या हसल्या. त्यांना हसता येतं हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर बनुबाईनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. मूठभर मीठ-मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. नजर लागली नसेल तर मिरच्यांचा ठसका येतो, लागली असेल तर येत नाही, असं आमच्याकडं धरून चालतात. समोर पाटील होता, आक्काबाई होती, माझ्या शाळेची सगळी पोरं होती, आणि मी मिशनचा मास्तर गाढवाच्या जागी दृष्ट काढून घेत उभा होतो.

ठसका कुणालाच आला नाही. मिरच्या जुन्या असणार, असं मी अजूनही म्हणतो.